हौश्याचा सोमवार

वन्सं, तुम्ही गेल्यापासूनचा हा चौथा रविवार. सकाळी अजून एक कप चहा जास्तीचा पडतोच माझ्या हातून. हे आपलाही पितात, तुमचाही पितात, आणि मग दिवसभर पित्त झालं म्हणून कण्हत बसतात. तुमच्या भावाला रडता येत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांचं सगळं पोटावर निघतं.

कॉलेजातल्या लोकांनी पेपरात तुमचा फोटो दिला. खाली मोठमोठं लिहिलं: मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, माणसाच्या, जनावराच्या आणि यंत्राच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या, गावोगाव जाऊन व्याख्यानं देणाऱ्या. खोटं काहीच नाही त्यात. पण तुम्ही भाकरीचा पापुद्रा तेवढा खायच्या आणि खालचा भाग ताटात तसाच ठेवायच्या, हे कोण लिहिणार? असो. मी वही घेऊन बसले ती तुमचे गुण गायला नाही. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. बारा वर्षं राहिली. आता तुम्ही ऐकायला नाही, तर माझी जीभ सुटलीय. काय म्हणावं या जिभेला!

आपल्यात बसवून पुरतात. शेतात अप्पांच्या शेजारी तुमची जागा खणली, तुम्हाला बसवलं, बेल वाहिला. स्वामी म्हणाले, "घरच्या बाईनं भस्म लावावं." मी पुढं झाले. तुमच्या कपाळावर तीन बोटं ओढली, तळहात टेकला, अन् हात तिथंच राहिला. उचलेना. मागून कुणीतरी म्हणालं, "काशीवैनी, सोडा आता." त्यांना वाटलं मी मायेनं धरलंय. माया होतीच हो. पण त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढं तुम्ही नव्हता. आपला हौश्या बैल होता. याच हातानं मी त्याला बसवला होता.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मला तसंच सांगता येतं.

आपल्या घरी सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. पेरणी अंगावर आलेली असो, आभाळ भरून आलेलं असो, सोमवार म्हणजे सोमवार. अप्पा, तुमचे वडील अन् माझे मामंजी, त्याच्याही पुढं जायचे. ते म्हणायचे, हौश्याला वार कळतो. इतर दिवशी जू दिसलं की हौश्या झटक्यात उभा राहून मान पुढं करायचा. सोमवारी जू आणा नाहीतर पालखी आणा, हा आपला बसून रवंथ करणार. आपल्या दुकानात कासरा घ्यायला या, घुंगरमाळ घ्यायला या, अप्पांकडून हे ऐकल्याशिवाय पायरी उतरायची सोय नव्हती. "क्यालेंडर माज्या गोठ्यात हाय," म्हणायचे. पाटोद्याच्या बाजारापर्यंत गेली होती ती गोष्ट.

अन् तुम्ही बीडहून आलात आणि गावच्या शाळेत भाषण दिलंत. परदेशात एक घोडा होता म्हणे, खूर आपटून बेरजा करायचा. शेवटी निघालं काय, तर घोड्याला गणित येत नव्हतं, माणसाचं अंग वाचता येत होतं. बरोबर आकडा आला की विचारणारा नकळत हलायचा, ते बघून घोडा थांबायचा. आपणच त्याला सांगतोय, हे मालकालासुद्धा ठाऊक नव्हतं. इथवर सगळे तोंडात बोट घालून ऐकत होते. मग तुम्हाला काय दुर्बुद्धी सुचली? म्हणालात, "आमच्या हौश्याचंही तसंच असणार. त्याला सोमवार कळत नाही, सोमवारची माणसं कळतात." पुढच्या रांगेत अप्पा बसलेले, नवा फेटा बांधून. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अप्पा उठले, चपला घातल्या अन् तडक घरी आले. मला म्हणाले, "काशे, माज्या नंदीला हिनं चार मान्सांत येडं ठरवलं." तुमचं नावसुद्धा घेतलं नाही. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही या घरात नुसत्या 'ही' होता.

आठवतात का ते रविवार? अप्पा भिंतीकडं तोंड करून बसलेले, तुम्ही हातभर अंतरावर.

"काशे, तिला म्हणावं च्या घे."

"वन्सं, च्या घ्या."

"वैनी, अप्पांना विचारा, गुडघा कसा हाय."

"मामंजी, गुडघा कसा हाय?"

"म्हणावं, भाषणानं बरा व्हायचा न्हाई."

मधल्या मधी माझा घसा बसायचा. तुम्ही हसण्यावारी न्यायच्या. पण निघताना दारात उगंच रेंगाळायच्या, पदर नीट कर, पिशवी उघड, पिशवी मीट, म्हातारा मान वळवतो का म्हणून. वळवायचा नाही. तुमची एसटी गेल्यावर मात्र मला विचारायचा, "बसाया जागा भेटली का तिला?" हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अप्पांनी शपथ घातली होती.

मग तोडगा तुम्हीच काढलात. भिंतीकडं बघत, पण माझ्या नावानं म्हणालात, "वैनी, अप्पांना म्हणावं, आपण भांडायचं कावून? हौश्यालाच इचारू की."

अप्पांनी भिंतीकडंच बघत काठी आपटली. मग म्हणाले, "इचार म्हणावं. पर सोमवारी जू मानंवर चढवायचं न्हाई, नुस्तं दाखवायचं. उठला, तर मी पुन्हा तोंडातून सोमवार काढायचा न्हाई. न उठला, तर तिनं काढायचा न्हाई."

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही तीन आठवडे राहायला आलात आणि घराचं पार उलटंपालटं करून टाकलंत. सोमवारी कुणी लवकर अंघोळ करायची नाही, कुणी भस्म लावायचं नाही. उलट बुधवारी सगळ्यांनी भस्म फासून, बेलाचं ताट घेऊन हौश्यापुढनं जायचं. देवळातली घंटा कानावर पडू नये म्हणून हौश्याला मळ्यातल्या छपरात नेऊन बांधला. पहिल्याच बुधवारी हे तसेच भस्म लावून रस्त्यानं निघाले, तर शेजारच्या बांधावरच्या, आपल्यासारखाच सोमवार पाळणाऱ्या गणपाबुवांनी ह्यांना लांबून बघितलं आणि वखराला जुंपलेली बैलं सोडून घरी गेले. दुपारी त्यांना कळलं, आज बुधवार! येऊन अर्धा तास शिव्या घालून गेले. तुम्ही हसून हसून खाली बसलात. म्हणालात, "बघा वैनी, मान्साला पण वार मान्सावरूनच कळतो," आणि तेही वहीत लिहून घेतलंत.

हौश्याला माझी सवय, म्हणून दावं मीच धरायचं ठरलं. पण माझं तोंड त्याला दिसता कामा नये. तुम्ही मला अप्पांचा मोतीबिंदूचा काळा चष्मा घातलात, नाकावरून पदर गुंडाळलात, चकार शब्द काढायचा नाही म्हणालात. आधी तर हौश्याच मला बघून बिचकला. आणि रोजच्या पानाखाली दावं धरणारीनं सही करायची: 'मी काही बोलले नाही, काही खुणावलं नाही.' मी कुरकुर केली की तुमचं ठरलेलं वाक्य, "सही न्हाई तर ती नोंद न्हाई वैनी, ती गप्पा हाय."

तोंड बांधलंत, डोळे झाकलेत, आवाज बंद केलात. हात तेवढा मोकळा सोडलात. दावं धरायला हात लागतोच, तुमचा तरी काय इलाज होता?

आता ऐका.

पहिल्या सोमवारी तुम्ही अप्पांना घेऊन यायच्या आधी मी एकटीच छपरात पोचले. मनात आलं, बघावं तरी. कोपऱ्यातलं जू उचललं आणि हौश्यापुढं धरलं. तो झटक्यात उठला आणि मान पुढं केली, मंगळवारी करतो तशीच. जू खाली टाकलं आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा गोऱ्हा होता तेव्हापासून दर सोमवारी, घर उठायच्या आधी, त्याच्या कपाळाला भस्म मी लावायचे. लावून झालं की तळहात तसाच ठेवायचे, बराच वेळ. ती माझीच सवय. मला मूलबाळ नाही, मनातलं बोलायला त्याच्याइतकं निवांत कुणी नव्हतं, तर त्याच्याशी बोलून घ्यायचे. तो मान टाकून बसायचा, तो दुपारपर्यंत उठायचा नाही. सोमवार बिमवार काही नव्हतं, वन्सं. माझा हात होता. तुम्ही शाळेत म्हणाला होता ते सोळा आणे खरं होतं.

मी त्याला परत बसवला. तेवढ्यात तुम्ही सगळे आलात. अप्पा खुर्चीत बसले, दोन्ही हात काठीवर. तुम्ही वही उघडलीत. त्या काळ्या चष्म्यातून मी तुमचं तोंड बघितलं. तुम्हाला जिंकायचं होतं, पण त्याहून जास्त, बापानं एकदा तुमच्याकडं बघून बोलायला पाहिजे होतं. हौश्या उठला असता तर तुमचं खरं ठरलं असतं, अन् अप्पा कायमचे भिंतीकडं वळले असते. ह्यांनी जू आणलं. मी दावं धरायला वाकले, पदर पुढं आला, आणि पदराआड हौश्याच्या कपाळावर तळहात ठेवला.

हौश्या उठला नाही.

अप्पा उठले. काठी टेकत तुमच्यापुढं येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता म्हाताऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुटतो. तर म्हणाले, "महानंदा, च्या घेतीस का?" तुम्ही वही तिथंच शेणात टाकलीत आणि लहान पोरीसारखं रडायला लागलात. ह्यांच्या हातात जू तसंच. मी चष्मा काढला नाही.

त्या पानाखाली मी सही केली. पुढच्या दोन सोमवारीही केली. बुधवारच्या, शुक्रवारच्या सह्या खऱ्या आहेत, तेवढं मात्र सांगते.

त्या उन्हाळ्यापासून तुमचं भाषण बदललं. आधी यंत्र, मग जनावर, शेवटी माणूस. यंत्र म्हणजे तुमच्या जुन्या विद्यार्थ्यानं करून दिलेला चाकांचा डबा. तुम्ही त्याचं नाव डबूराव ठेवलं होतं. टेबलावर सोडला की कडेपर्यंत जायचा, थांबायचा, वळायचा. त्याच्या पोटाखालून न दिसणारा उजेड पडतो, तो उलट आला तर पुढं टेबल आहे, नाही आला तर संपलं, असं तुम्ही सांगायच्या. मी डबूराव पिशवीत घालून तुमच्या मागं मागं हिंडायचे. नारायणगडाच्या पायथ्याच्या गावात एकदा जेवणाच्या पंगतीपुढं भाषण दिलंत, ते आठवतं? अर्धं गाव वरणभात कालवत ऐकत होतं.

आणि पाटोद्याला फजिती झाली ती! पाव्हण्यांचा मान म्हणून त्यांनी टेबलावर कोरं काळं घोंगडं अंथरलं. डबूराव ठेवला, बटण दाबलं, हा जागचा हलेना. तुम्ही ढकलताय, मी चापट मारतेय, छे. मागून एक म्हातारा ओरडला, "म्याडम, ह्याचा आज सोमवार हाय!" सगळं सभागृह हसलं. पुढच्या रांगेत अप्पा होते, ते सगळ्यात मोठ्यानं हसले, फेटा सांभाळत. तुम्हीही हसलात, आणि मग सांगितलंत, "काळ्यावरून उजेड उलट येत नाही. त्याला सगळीकडं खड्डाच दिसतोय. तो नाटक करत नाही, खोटं बोलत नाही, त्याला खरंच खड्डा दिसतो." मला त्या डब्याचा हेवा वाटला.

भाषणाच्या शेवटी हौश्या यायचा. सगळं सांगून तुम्ही थांबायच्या आणि म्हणायच्या, "हौश्याला सोमवार कसा कळायचा, ते मला माहीत नाही. मी एवढी शिकले, पण मला माहीत नाही. आणि माहीत नाही असं चारचौघांत म्हणता येणं, हीसुद्धा बुद्धीच आहे." लोक टाळ्या वाजवायचे. मास्तरलोकांचे डोळे भरून यायचे. मी मागं पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायचे. दर टाळीला मला वाटायचं, आता उठावं. उठले नाही.

अप्पा होते तोवर मी मनाला समजावलं, म्हाताऱ्याच्या जिवाला सुख आहे, राहू दे. दुसऱ्या वर्षी अप्पा गेले, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून गेले. मग म्हटलं, वर्षश्राद्ध झालं की सांगू. मग म्हटलं, हौश्या थकलाय, तो असेपर्यंत नको. हौश्याही गेला. त्याला लिंबाखाली पुरला तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "जाताना उत्तर घेऊन गेला बघा, वैनी." मी हुंदके देऊन रडले. तुम्हाला वाटलं, बैलासाठी.

भाषणाहून परत येताना एसटीत तुमचा एकच प्रश्न असायचा. "वैनी, यंत्र झालं, जनावर झालं. आता सांगा, माणूस कशात वेगळा?" मी काहीतरी वेडंवाकडं बोलून टाळायचे. माणूस डबा धुऊन ठेवतो. माणूस शेजारणीचं लुगडं बघून जळतो. तुम्ही म्हणायच्या, "टाळताय तुमी. तुमच्याकडं उत्तर हाय." दहा वर्षं आपलं ते भांडण चाललं आणि तसंच राहिलं. उत्तर माझ्याकडं होतं, पण ते सांगायचं तर आधी तो पदर बाजूला करावा लागला असता.

अलीकडं तुम्ही मोबाईल घेऊन यायच्या, त्यातल्या बोलणाऱ्या यंत्राला प्रश्न विचारायला लावायच्या. मी विचारलं, "बैलाला सोमवार कळतो ना?" त्यानं गोड आवाजात सांगितलं, कळत असावा, जनावरांना सवयी कळतात. मग विचारलं, "कळत नसणारच ना?" तर म्हणालं, अगदी बरोबर, कळणं अवघडच. मी कपाळाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "समोरच्याला काय पाहिजे ते ओळखतं आणि तेच देतं. वैनी, हे तुमच्यावर गेलंय." मी दचकले. तुम्ही हसत होता. त्या हसण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुमच्याजवळ होते. हे बाहेर औषधं आणायला गेले होते. तुमच्या तोंडाला कोरड पडलेली, चमच्यानं पाणी घातलं. म्हटलं, "वन्सं, एक बोलायचं होतं." तुम्ही डोळे उघडलेत. इतके दमलेले डोळे होते ते. म्हणालात, "माणूस कशात वेगळा, ते सांगताय का?" मी म्हटलं, "व्हय." तुम्ही म्हणालात, "मग घरी गेल्यावर. इथं न्हाई. मला वादावादी करायची हाय त्याच्यावर." आणि डोळे मिटलेत. मी चमचा धुवायला उठले. तुम्ही घरी आलात त्या शुक्रवारी, ते तशा मिटल्या डोळ्यांनीच.

दहाव्या दिवशी कॉलेजचा शिपाई तुमचं सामान घेऊन आला. डबूराव, चष्मा, शाल आणि शेणाचा डाग पडलेली ती वही. सह्यांची पानं मी टाळली. पण मागं, कोऱ्या पानांनंतर, तुमच्या बारीक अक्षरात एक पान लिहिलेलं होतं. ते मी कधी बघितलं नव्हतं.

'तिसऱ्या सोमवारी वाऱ्यानं वैनींचा पदर उडाला. तळहात हौश्याच्या कपाळावर होता. हौश्याला वार कळत नाही, वैनींचा हात कळतो. वैनींना स्वतःला हे ठाऊक नसावं. घोड्याच्या मालकाला तरी कुठं ठाऊक होतं? त्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर त्या पुन्हा मोकळ्या मनानं त्याला भस्म लावू शकणार नाहीत. आणि अप्पा काल माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढत होते. भाषणात मी माहीत नाही म्हणेन. अभ्यासात हे माझं पहिलं खोटं.'

वाचलं आणि मी वही भिंतीवर फेकली, वन्सं. खरं सांगते. आग लागो तुमच्या हुशारीला! दहा-बारा वर्षं मी आतल्या आत जळत होते, आणि तुम्ही माझ्यासाठी भर सभेत खोटं बोलत होता? ज्या एका वाक्यावर लोक तुमच्या पाया पडायचे, ते वाक्य माझ्यापायी खोटं? आणि एवढं शिकून, एवढी जनावरं अन् यंत्रं तपासून, तुम्हाला एवढं कळू नये, की वैनी भोळी नाही, लबाड आहे? हौश्याच्या पंगतीला बसवलंत मला. नकळत करते म्हणे! मी सगळं जाणूनबुजून केलं होतं. तुम्ही मला माफसुद्धा केलं नाहीत, कारण माफ करण्यासारखं काही आहे हेच तुम्हाला दिसलं नाही.

मग उठले, वही उचलली, पदरानं पुसली आणि लई रडले.

परवा दिंद्रुडला जाऊन आले. तिथल्या शाळेत तुमचं भाषण ठरलं होतं ना, त्यांचा फोन आला. भाषणाऐवजी श्रद्धांजली ठेवतो, घरचं कुणीतरी या म्हणाले. मी ह्यांना म्हटलं, मी बोलणार. हे म्हणाले, "तू? माईकवर?" म्हटलं, "कावून? बैल बसवता येतो मला, माईक काय जड हाय?" त्यांना काही कळलं नाही. पिशवीत डबूराव घातला आणि निघालो.

टेबलावर काळं कापड होतं, ते आधी काढायला लावलं. डबूराव सोडला. कडेपर्यंत गेला, थांबला, वळला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तसा मी माईक जवळ ओढला. तुमचा फोटो शेजारीच होता, हार घातलेला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. म्हटलं, "म्याडम तुमाला हौश्याची गोष्ट सांगणार होत्या. ती खोटी हाय. हौश्याला सोमवार कळत नव्हता. मी त्याच्या कपाळावर हात ठिवला होता. मुद्दाम."

आणि सगळं सांगितलं. जू, चष्मा, पदर, अप्पांचा चहा. हे पुढच्या रांगेत बसले होते, अप्पा बसायचे तसे. मला वाटलं, आता हेही चपला घालून उठतात. उठले नाहीत. रुमाल काढला आणि तोंडावर धरला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वन्सं, तुमचा भाऊ रडला एकदाचा.

मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तुमच्याशी वाद घालायचा होता, तो त्या लोकांपुढं एकटीनंच घातला. म्हटलं, डब्याला काळं दिसलं की तो थांबतो, त्याच्या पोटात दुसरं काही नसतं. हौश्याला हात लागला की तो बसायचा, त्याच्याही पोटात दुसरं काही नव्हतं. माणूस आपल्याच माणसाला फसवतो, आणि तेही मायेपोटी फसवतो. मग बारा वर्षं त्याला जेवायला वाढताना खाली बघतो. म्याडम मला विचारायच्या, माणूस कशात वेगळा. ह्याच्यात वेगळा. हे शहाणपण हाय का येडेपणा, ते मला ठाऊक न्हाई. म्याडम असत्या तर भांडल्या असत्या.

मागं उसाच्या तोडीवर जाणारा एक म्हातारा उभा होता. त्यानं विचारलं, "मंग बाई, म्याडमला ते कळलंच न्हाई का?"

"कळलं होतं," मी म्हटलं. "हात कळला होता."

"मंग?"

"हाताच्या मागची बाई कळली न्हाई."

तो मान हलवून खाली बसला. टाळ्या काही पडल्या नाहीत. बरं झालं.

आज सकाळी हे दोन्ही कप पिऊन झाल्यावर मळ्यात गेले. मी तुमची वही काढली. ते मागचं पान उघडलं, तुमच्याच पेनानं त्या ओळीखाली रेघ ओढली, 'वैनींना स्वतःला हे ठाऊक नसावं.' आणि खाली लिहिलं: 'ठाऊक होतं. पहिल्या सोमवारपासून.'

वही मिटत होते, तेवढ्यात तुमचा नियम आठवला. सही नाही तर ती नोंद नाही. परत उघडली आणि सही केली. सोमवारची एवढी एकच सही खरी आहे माझी, वन्सं. ती तेवढी धरा.